तिसरं तळं, पाचवं सरोवर

माइकमावशीला आता आयुष्याकडून एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे खुर्ची. मंत्र्यासंत्र्याची नव्हे. बसथांब्यावरच्या तिकीट खिडकीमागची, बसून बसून मधे खोलगट झालेली, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली लाकडी खुर्ची. तिच्यावर बसायचं, पाय लांब करायचे, काचेच्या भोकातून तिकिटं सरकवायची आणि संध्याकाळी घरी जायचं. अठ्ठावीस वर्षं उभं राहून काढलेल्या बाईने एवढंही मागू नये?

आणि उभं राहायचं म्हणजे साधं उभं राहणं नव्हे. हलत्या बसमध्ये, रस्त्याकडे पाठ आणि चाळीस प्रवाशांकडे तोंड करून, एका हाताने दांडी धरायची, दुसऱ्या हातात माइक. वळण कधी येतंय हे डोळ्यांनी नाही, कमरेने ओळखायचं. दिवसातून नऊ थांबे. दर थांब्याला तीन पायऱ्या खाली, तीन पायऱ्या वर. म्हातारी माणसं उतरवायची, लहान मुलं मोजायची, उलटी होणाऱ्याला खिडकी द्यायची, आणि हे सगळं हसून. हसू उतरलं की प्रवासी तक्रारवही मागतात.

डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाले, "मावशी, वंगण संपलंय."

घरी येऊन तिने नवऱ्याला हे सांगितलं. तो जन्मभर ट्रकच्या गॅरेजमध्ये पत्रे ठोकत होता. त्या ठोकाठोकीत त्याचे दोन्ही कान गेले. त्याच्या समोर बसून, ओठ मोठे हलवून सांगितलं तर त्याला निम्मं कळायचं. 'वंगण' तेवढं बरोबर कळलं. म्हणाला, "वंगण संपल्यावर गाडी चालवली की इंजिन बसतं."

"मग काय करू?"

"बसव."

असा संसार. बाई दिवसभर चाळीस माणसांना बोलून दाखवणार, आणि घरी ऐकणारा एकच, तोही बहिरा. कधी ती गप्प बसली की तोच म्हणायचा, "बोल गं काहीतरी."

"ऐकू येतंय का?"

"नाही. पण तुझं तोंड हललेलं बरं वाटतं."

तर ह्या बाईचं काम होतं उत्तरेकडची तळी दाखवणं. 'सात तळी, एक दिवस' असं बसच्या पोटावर रंगवलेलं होतं. आणि तो मुलूख बघण्यासारखा आहे, ह्यात खोटं काही नाही. खोटं पुढे येईल.

पहिलं तळं काळं. घाण म्हणून काळं नव्हे. शेकडो वर्षांची पानं तळाशी कुजून पाणी कोऱ्या चहासारखं झालेलं. ओंजळीत घेतलं तर पिवळसर, काठावरून पाहिलं तर डांबर. त्यात आपलं तोंड दिसतं ते आरशातल्यापेक्षा गंभीर. दुसरं बोरूच्या बेटांचं. तिथे मावशी माइक बंद करायची, कारण तिथे बोलायचा हक्क पाखरांचा. एक उडालं की हजार उडतात आणि मिनिटभर ऊन मिचमिचतं. तिसरं लांबोडकं, डोंगराला वळसा घालून कोपरासारखं वाकलेलं. चौथं खिंडीत, ताटाएवढं. भर उन्हाळ्यातही त्याच्या कडेला बर्फाची पापडी असते, आणि मोठीमोठी माणसं ती मोडून खिशात घालतात आणि मग खिसा ओला झाला म्हणून हसतात. सहाव्याच्या मधोमध बेट आणि बेटावर एकच झाड. ते तिथे कसं पोचलं हे कुणालाच माहीत नाही, आणि मावशीनेही कधी गोष्ट रचली नाही. सातवं सगळ्यात मोठं. तिथे वारा असतो, पलीकडचा काठ दिसत नाही, आणि दिवसभर बडबडणारे प्रवासीसुद्धा तिथे दहा मिनिटं गप्प होतात.

राहिलं पाचवं. पाचवं गोल होतं. एका बाजूला लाल दगडाचा सरळ कडा. दुपारी ऊन त्या कड्यावर आलं की सगळं पाणी वीसेक मिनिटं तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखं व्हायचं. सगळी सहल त्या वीस मिनिटांच्या बेताने आखलेली. ड्रायव्हर वाटेत कुणाला लघवीलाही थांबू द्यायचा नाही.

त्याचं नाव डुलकी. नवे प्रवासी ते ऐकून घाबरायचे. पण हा माणूस स्टिअरिंगवर आयुष्यात कधी झोपला नाही. देवाने पापण्याच अर्ध्या लावून पाठवलेल्या, त्याला तो काय करणार?

नऊ वर्षांपूर्वी पाचव्याच्या काठाची जमीन कुठल्याशा बड्या मंडळींनी सुट्टीतल्या बंगल्यांसाठी घेतली आणि रस्त्याला फाटक लावलं. कुंपण, कुत्रे, पाटी. पाणी कुणाच्या बापाचं नसतं, पण पाण्यापर्यंत जाणारा रस्ता बापाचा करता येतो, हे ह्या लोकांना बरोबर ठाऊक असतं. बसचे थोरले मालक त्याच वर्षी गेले होते. धाकटे मालक नुकतेच त्यांच्या टेबलामागे बसले होते, आणि सात तळ्यांच्या पुस्तिका छापून कपाटात पडल्या होत्या.

"साहेब, आता सहाच म्हणायचं ना?" मावशीने विचारलं.

"सहा कसं म्हणायचं? सात छापलंय." धाकट्या मालकांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. "हे तिसरं वाकडं आहे ना कोपरासारखं? सकाळी ह्या हाताकडून दाखवता. मग खिंड चढून पलीकडे उतरता. तिथे त्याचाच दुसरा हात आहे. तो पाचवं म्हणून दाखवा."

"अहो, पण ते तेच पाणी."

"पाणी पाण्यासारखंच दिसतं, मावशी. मधे डोंगर आहे, कुणाला कळतंय? तिसऱ्याला तळं म्हणा, पाचव्याला सरोवर म्हणा. झालं वेगळं."

झालं. एकाच पाण्याला सकाळी तळं म्हणायचं आणि दुपारी सरोवर. एक शब्द बदलला आणि डोंगरापलीकडे नवं तळं तयार. पहिल्या दिवशी मावशीच्या छातीत असं धडधडत होतं की माइकमधून ऐकू जाईल असं तिला वाटलं. कुणी काही म्हणालं नाही. उलट एका बाईने विचारलं, "हे जास्त शांत आहे नाही, मघाच्या तळ्यापेक्षा?"

माणसाची जीभ फार लवकर सरावते. 'सरोवर' म्हणताना मावशीचा आवाज आपोआप खाली यायला लागला. 'ह्या सरोवराचा तळ अजून कुणाला लागलेला नाही' हे वाक्य तिने स्वतः रचलं, आणि ते इतकं चाललं की लोक काठावरून खडे टाकून कान देऊन बसायचे. डुलकी खिंडीतून गाडी उतरवताना आरशात बघून म्हणायचा, "चला मावशी, त्याच तळ्याला दुसरी टोपी घालू."

"तळ्याला नाही रे, माणसांना."

खोट्याचं कसं असतं, त्याची देखभाल झाली की ते पक्कं होतं. नऊ वर्षांत ह्या खोट्याला गावच्या कचेरीने पाटी दिली, बाक दिला, कचऱ्याचा डबासुद्धा दिला. पाटीवर 'पाचवे सरोवर' असं रंगवलं. पाटी रंगवणाऱ्याने मावशीलाच विचारलं होतं, "सरोवरातला स ना?" तिने मान हलवली होती.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. ठीक म्हणजे जसं अशा गोष्टींचं चालतं तसं. मग गेल्या मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात ती दोन भावंडं आली.

भाऊ पंचाहत्तरीचा, कोट घातलेला, बहीण चारेक वर्षांनी धाकटी. पहिल्या बाकावर बसली. भावाच्या हातात पाकीट, पाकिटात फोटो. पहिल्या तळ्यालाच त्याने विचारलं, "बाई, पाचवं केव्हा येईल?"

"दुपारी, आजोबा."

दुसऱ्याला विचारलं. तिसऱ्याला विचारलं. खिंडीत सगळे उतरले, हा उतरला नाही. म्हणाला, दम पाचव्यासाठी ठेवतो. मावशीने गंमत म्हणून विचारलं, "एवढं काय आहे हो तिथे?"

"आमचं घर होतं. मी आठ वर्षांचा असताना सोडलं. घर काही आता नसेल. पण काठाला एक दगड होता, आई त्यावर कपडे धुवायची. उंटाच्या पाठीसारखा." त्याने फोटो दाखवला. काळापांढरा, कोपरे दुमडलेला. गोल पाणी, मागे कडा, पुढे एक बाई वाकलेली, तोंड दिसत नाही.

कडा मावशीने लगेच ओळखला. तेव्हाच सांगायला हवं होतं. बसमध्ये अडतीस माणसं होती, डुलकी आरशातून बघत होता, गाडी उताराला लागली होती. ही सगळी कारणं तिने नंतर स्वतःला सांगितली. कारणांना काय तोटा?

पाटीपाशी गाडी थांबली. म्हातारा सगळ्यांत आधी उतरला, बुटांचे बंद सोडले, पँट वर दुमडली आणि काठाने शोधत चालला. बहीण मागून, "दादा, हळू! दादा, शेवाळ आहे!" पंधरा मिनिटं तो प्रत्येक धोंड्यापाशी थांबत होता. मग ओरडला.

"हाच! अगं छकुले, हाच बघ!"

पासष्ट-सत्तर वर्षं मागे गेला होता तो माणूस. बहीण जवळ गेली, बघत राहिली. "दादा, तो मोठा होता ना रे?"

"आपण लहान होतो."

मग तो वळून बघायला लागला. काठ, डोंगर, झाडी. "बाई," त्याने हाक मारली, "इथे लाल कडा होता ना? ह्या अंगाला?"

आणि मावशीची जीभ डोक्याच्या आधी धावली. "होता हो, आजोबा. दगड काढून नेला. रस्त्याच्या कामाला."

"असंच असतं," तो म्हणाला. रागावला नाही, काही नाही. त्या परक्या दगडावर तळहात ठेवून उभा राहिला. मग मावशीपाशी येऊन त्याने तिचा हात, माइकसकट, आपल्या दोन्ही हातांत धरला. हात ओले आणि गार होते. "तुमच्यामुळे आईचा दगड सापडला."

सहाव्याला मावशीने फक्त 'बेट' आणि 'झाड' एवढेच दोन शब्द उच्चारले. डुलकीनेही टोपीचा विनोद केला नाही.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पण खाली मान घालून, गुडघ्यांना तेल चोळत. ओठ दिसत नाहीत म्हटल्यावर त्याला काय कळणार? ती थांबली तेव्हा त्याने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. गुडघे."

थंडीत रस्ते बंद होतात, तेव्हा बस शेडमध्ये आणि मावशी घरात. ते चार महिने तिने त्या दगडाचा विचार केला नाही असं तिचं म्हणणं. पण भाजी चिरताना मधेच हात थांबायचा.

मोसम सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी धाकट्या मालकांनी बोलावलं. टेबलावर नवी कोरी कानात घालायची यंत्रं मांडलेली. "मावशी, आता जग पुढे गेलंय. प्रत्येक सीटला एक. तळं आलं की प्रवासी बटण दाबणार आणि ऐकणार. आवाज मात्र तुमचाच हवा. लोकांना तुमचा आवाज आवडतो."

"आणि मी?"

"तुम्हाला काय? खिडकीतल्या बाई लेकीकडे राहायला निघाल्यात. सातही तळी बोलून द्या आणि पहिल्या तारखेपासून खिडकीत बसा. आता तुमचं वय आहे का पायऱ्या चढायचं?"

इतक्या गोड आवाजात मालक बोलला की कामगाराने आधी आपला खिसा चाचपावा. पण मावशी थकली होती. थकलेल्या माणसाला खुर्ची दिसली की बाकीचं काही दिसत नाही. ती बाहेर आली ती जवळजवळ पळतच, म्हणजे तिला जमेल तितपत.

डुलकी टायरला लाथा मारून हवा तपासत होता. "म्हणजे तुमचा आवाज माझ्या गाडीत आणि तुम्ही खिडकीत? दिवसभर नुसतं 'पुढचे, पुढचे' म्हणत बसणार? तोंड गंजेल तुमचं."

"गंजू दे मेलं. गुडघे तर राहतील."

रेकॉर्डिंगची खोली फोटो काढायच्या दुकानामागे होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, छताला अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, मधे एक उंच स्टूल आणि माइक. काचेपलीकडे यंत्र सांभाळणारा तंत्रज्ञ, त्याला सर्दी झालेली. त्याच्या बाजूला धाकटे मालक चहा घेऊन बसलेले. तंत्रज्ञ म्हणाला, "मावशी, कागद हळू उलटा, आवाज येतो."

"माझ्याकडे कागदच नाहीत."

"मग बोलणार काय?"

"तळी."

आणि बोलली. काळं तळं एका दमात. बोरूचं तळं बोलताना मधे थांबली, पाखरांसाठी. तंत्रज्ञाला वाटलं विसरली. मग त्यालाच समजलं आणि त्याने शिंक दाबून धरली. तिसरं झालं. चौथं झालं. जेवणाच्या आत चार तळी. स्टुलावरून पाय लोंबकळत होते, गुडघे ठणकत होते, पण मन त्या खिडकीतल्या खोलगट खुर्चीत जाऊन बसलं होतं.

"पाचवं," तंत्रज्ञ म्हणाला.

"आणि आता आपण ज्या सरोवरापाशी..." ती थांबली.

"परत घेऊ."

"आणि आता आपण..."

"पाणी देऊ का मावशी?"

"पाणीच तर नडतंय रे."

तिसऱ्यांदा तिने माइकच बाजूला सारला. त्या गादी ठोकलेल्या खोलीत तिला काय उमगलं ते साधं होतं. बसमधलं खोटं रोज नव्याने बोलावं लागायचं. त्यामुळे रोज एक सोय असायची, की उद्या नाही बोलणार. नऊ वर्षं ती त्याच सोयीवर जगली होती. ह्या यंत्रात एकदा गेलं की ते तिच्याच आवाजात रोज दुपारी बोललं जाणार, ती खुर्चीत बसलेली असताना, घरी आजारी पडलेली असताना, मेल्यावरसुद्धा. कुणी म्हातारा कुठला दगड धरून उभा असेल आणि कानात ही सांगत असेल, सरोवर.

धाकटे मालक दार ढकलून आत आले. "काय झालं?"

"पाचवं नाही बोलणार, साहेब."

"नऊ वर्षं बोलताय. आजच काय अंगात आलं?"

"नऊ वर्षं बोलले म्हणूनच."

"मावशी, एक मिनिटाचं काम आहे."

"मग तुम्ही बोला."

"मी?"

"बस तुमची, पुस्तिका तुमची, खोटं तुमचं. त्यात आवाज तेवढा माझा कशाला?"

मालकांचा गोडवा तिथल्या तिथे आटला. "हे बघा, सहा तळ्यांना खुर्ची नाही. सातांना आहे. विचार करून बोला."

मावशीने विचार केला. तिने खुर्चीचा विचार केला, तिच्या झिजलेल्या हातांचा, पायाखालच्या पुठ्ठ्याचा. दिवसाला नऊ थांबे, चौपन्न पायऱ्या, हेही तिला तोंडपाठ होतं. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुठल्या बाणेदारपणाचं नव्हतं. तिला खरोखर बसायचं होतं. "राहू दे मग खुर्ची," ती म्हणाली, आणि त्या खुर्चीवर तिने पाणी सोडलं.

"मला काय, मीच बोलतो," धाकटे मालक चिडून स्टुलावर चढले. मावशी बाहेर येऊन काचेपाशी उभी राहिली. तंत्रज्ञाने बोट वर केलं.

"हे सरोवर... हे जे सरोवर आहे..." मालक थांबले. "ह्याच्या कुठल्या बाजूला डोंगर येतो हो?"

मालकांनी काचेतून मावशीकडे बघितलं.

"उजवीकडे की डावीकडे?"

"तुम्ही पाहिलंय ना, साहेब?"

पाहिलं कुठे होतं? नऊ वर्षं नकाशावर बोट ठेवणारा माणूस पाण्यापाशी एकदाही गेला नव्हता. ना तिसऱ्या तळ्यापाशी, ना त्याच्या कोपराशी. तंत्रज्ञाने पहिला तुकडा ऐकवला. यंत्रातून जो आवाज आला तो मालकाचा वाटेना. फळ्यापुढे उभ्या केलेल्या पोरासारखा पातळ, कापरा. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. सहा वेळा केलं. सहाव्या वेळी ते 'सरोवर' ऐवजी 'तळं' म्हणाले आणि स्वतःच दचकले. तंत्रज्ञाला तेव्हाच शिंक आली, निदान तो तरी ती शिंक होती असंच सांगतो.

शेवटी घाम पुसत मालक म्हणाले, "बोलणं नकोच. पाचव्याला संगीत टाक."

"कुठलं?"

"पाण्याचं. सरोवर आहे ना!"

तंत्रज्ञाने दुकानाच्या मोरीतला नळ बारीक सोडला, खाली बादली ठेवली, पाच मिनिटं थेंब पकडले आणि वर कुठलीतरी बासरी चढवली. झालं पाचवं सरोवर. सहावं आणि सातवं मावशीने त्याच दिवशी बोलून दिलं. बेटावरच्या त्या एकट्या झाडाचा काय दोष?

खुर्ची मालकांच्या मेव्हणीला मिळाली. मावशीला कामावरून काढलं नाही, कारण माणसं मोजायला कुणीतरी लागतंच. आता ती पुढच्या घडीच्या सीटवर बसते, माइक नाही, थांबा आला की उतरते, डोकी मोजते, चढते. पायऱ्या तेवढ्याच. सगळी बस कान झाकून तिचंच बोलणं ऐकत असते आणि ती समोर गप्प. डुलकी म्हणाला, "मावशी, चाळीस जणांच्या कानांत तुम्ही आहात आणि तोंड बंद. भुताटकीच की ही!"

"गाडी बघ तू."

मोसमाच्या पहिल्या दिवशी खिंड उतरून गाडी पाटीपाशी थांबली. प्रवाशांनी बटणं दाबली. थेंब पडायला लागले, बासरी वाजायला लागली. माणसं पाण्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिली, एकमेकांकडे बघितलं, मग एकेकाने कानातलं काढलं. मावशी पाटीखालच्या बाकावर बसली होती. पाय लांब केले होते.

एक बाई जवळ आली, चाळिशीची, पाठीवर पिशवी. "अहो, माझं बिघडलंय वाटतं. नुसता नळ गळतोय."

"बिघडलेलं नाही. तेवढंच आहे."

"मग हे कुठलं सरोवर?"

मावशीने श्वास घेतला. "सरोवर नाही. तिसरंच तळं आहे, सकाळी पाहिलंत ते. त्याची मागची बाजू."

बाई पाटीकडे बघायला लागली, मग मावशीकडे. दोघंतिघं आणखी गोळा झाले. एक जण हसला. एक जण तावातावाने म्हणाला, "ही फसवणूक आहे!"

"आहे," मावशी म्हणाली. "खिडकीत लेखी द्या. मी सही करते."

गाडीपाशी डुलकीच्या पापण्या पहिल्यांदाच पूर्ण उघडलेल्या कुणीतरी पाहिल्या असतील.

"मग खरं पाचवं कुठाय?" पिशवीवाल्या बाईने विचारलं.

"त्या डोंगराच्या धारेमागे. रस्त्याला फाटक आहे, रस्त्याने सोडत नाहीत. पण मेंढ्यांची वाट आहे, ती अडवायचा हक्क त्यांना नाही. खिंडीतल्या तळ्यापासून डाव्या हाताला उतरायचं. ओढा लागेल, तो ओलांडायचा नाही, त्याच्या काठाने जायचं. पडक्या भिंती लागल्या की उजवीकडे. अडीच तास. ढग आले तर परत फिरायचं, हट्ट करायचा नाही. आणि दुपारी एकच्या आत पोचा."

"एकच्याच आत का?"

"पोचलात की कळेल."

बाईने पुस्तिका उघडून तिच्यापुढे धरली, पेन दिलं. मावशीने सात तळ्यांच्या नकाशावर ओढा काढला, भिंती काढल्या, वाट तुटक तुटक रेघांनी काढली. नऊ वर्षं पाऊल टाकलं नव्हतं, तरी हात कुठे अडला नाही. तावातावाने बोलणाराही वाकून बघत होता.

"तुम्ही चला ना आमच्याबरोबर एखाद्या दिवशी," बाई म्हणाली. "तिथे काय काय आहे ते दाखवाल."

"मला नाही जमायचं आता." मावशीने पेन परत दिलं. "आणि दाखवायचं काय त्यात? तुम्हाला डोळे आहेत."

डुलकीने हॉर्न वाजवला. मावशी बाकाची कड धरून उठली आणि माणसं मोजायला लागली.